एकट्या मोज्याचं कारण

३ तारीख, सोमवार

आजपासून लिहायला घेतलं. ऑफिसात दिवसभर लिहितेच, पण तिथे 'मी' लिहायची परवानगी नाही. 'कदाचित' लिहायचीही नाही. आणि माझ्या डोक्यात 'मी' आणि 'कदाचित' यांखेरीज फारसं काही नसतं. ते कुठेतरी ठेवायला हवं.

काम असं आहे. लोक फोनमधल्या आमच्या ॲपवर जे बोलतात, त्यातले ट्रेंडिंग विषय एका पट्टीत वर येतात. प्रत्येक विषयाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: हा विषय आत्ता चर्चेत का आहे. ती ओळ मी लिहिते. लोकांना वाटतं यंत्र लिहितं. बाबांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, ओळीवरून बोट फिरवलं आणि आईला म्हणाले, "हे हिचं अक्षर बरं का." अक्षर छापील होतं. 

आमच्या घरात शाळा पुरी करणारी मी पहिलीच. बाबा भिंती रंगवतात. आई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. मी तिच्या कामाच्या जागी कधी गेलेले नाही. वाफेने केस चिकट होतात म्हणून ती येऊ देत नाही. मी अजून ऑफिसात पक्की झालेली नाही. नोकरी गेली तर ती माझी एकटीची जाणार नाही, तिघांची जाईल, असं सारखं वाटत राहतं.

४ तारीख, मंगळवार

दिवसभरात एकही विषय आला नाही. टेबल पुसलं. मग घाईचंही पुसलं.

घाई म्हणजे शेजारी बसणारा. सगळे त्याला घाईच म्हणतात, कारण विषय वर यायच्या आत त्याची ओळ तयार असते. कारण माहीत नसलं तर तो 'जुन्या आठवणींना उजाळा' असं लिहून मोकळा होतो. म्हणतो, "आठवणींना उजाळा नाही असं सिद्ध कोण करणार?"

जाता जाता मॅडम थांबल्या. "आपल्या भाषेचं पान असं निपचित पडलं तर वरचे ते बंद करून टाकतील. दुसऱ्या भाषांतल्या ओळी यंत्राने आपल्या भाषेत फिरवून इथे लावतील. तुला पक्की करायची म्हणजे आधी पान तरी जिवंत हवं ना?" त्या रागावून म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागात माणूस वाढवून बोलतो.

जेवताना आईने विचारलं, "तोंड का उतरलंय?" मग सगळं सांगावं लागलं. खड्ड्यांबद्दल लोक रोज बोलतात, ते पट्टीत येत नाही. पण जी माणसं कधी मांजरांबद्दल बोलत नव्हती, ती एका दुपारी एकदम बोलायला लागली की मांजर वर. किती बोलतात यापेक्षा किती अचानक बोलतात ते यंत्र बघतं. दूध रोजच तापतं, कुणी बघत नाही. उतू गेलं की सगळे धावतात.

"म्हणजे माणसं फार नकोत, एकदम हवीत," आई म्हणाली.

"हो."

"एकमेकींच्या ओळखीची चालतील?"

"नाही चालत. ठरवून केलेलं आम्ही काढून टाकतो."

"कळतं कसं तुम्हाला?"

"कळतं. सगळे एकसारखं लिहितात."

"मग वेगवेगळं लिहायचं."

"हो. म्हणजे नाही! आई, लिहायचंच नाही."

"मी कुठे लिहितेय? मला लिहिता येतं का?" असं म्हणून आई भांडी घासायला उठली. तिकडूनच विचारलं, "विषय कसला लागतो?"

"कसलाही. कुणाला दुखवणारा नको. खोटा नको."

"खोटा कशाला," आई म्हणाली.

तिला माझ्या कामात इतका रस आहे हे बघून बरं वाटलं.

६ तारीख, गुरुवार

एक विषय आला. एका नटाने मिशी काढली. मी लिहिलं: 'नटाने मिशी काढल्याचे दिसते.'

"दिसते काय?" घाई म्हणाला. "नाही म्हणजे नाही मिशी."

"आणि आधीची चिकटवलेली असली तर? मग काढली असं कसं म्हणायचं?"

त्याने मला उद्या पाजायचा चहा आजच पाजून टाकला. त्याला प्रत्येक गोष्टीची घाई. डोळे लाल झालेत, डॉक्टरांना दाखव, हेही त्याने आज दोनदा सांगितलं. जिथे तिथे नाक खुपसतो.

घरी आले तर इस्त्रीवाल्या मावशी आलेल्या. त्या आईच्या बरोबरच लाँड्रीत आहेत. दोघी फोनमध्ये बोलून अक्षरं उमटवायला शिकत होत्या. मावशी फोनवर ओरडत होत्या, जणू तो नदीपलीकडे उभा आहे. मी हळू बोलायला शिकवलं. फोटो कसा जोडायचा तेही शिकवलं. या वयात शिकायची हौस आहे, किती चांगलं!

"तुझी पाळी दुपारची ना?" आईने विचारलं.

"सोमवारपासून दुपारची. का गं?"

"डब्याचं बघायला हवं."

१० तारीख, सोमवार

आज दुपारी पट्टीत एकदम एक विषय आला: एकटा मोजा.

निरनिराळ्या खात्यांवरून मोज्यांचे फोटो. करडा, पट्ट्यांचा, लहान मुलाचा, टाचेला भोक असलेला. प्रत्येक फोटोत एकच मोजा आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळं. कुणी म्हणतं 'हा कुणाचा, घेऊन जा', कुणी म्हणतं 'याचा भाऊ हरवला', कुणी म्हणतं 'एक पाय उघडा ठेवून गेला कुठे हा माणूस?'

मी कारण शोधलं. मोज्यांचा कुठला दिवस नव्हता. कुठल्या नटाचा मोजा हरवला नव्हता. घाई म्हणाला, "लिही, आठवणींना उजाळा."

"कुणाच्या आठवणींना?"

"मोज्याच्या."

नाही लिहवलं. खोटं कारण माझ्या हातून जाईना. शेवटी लिहिलं: 'कारण समजले नाही.'

मॅडम धावत आल्या. "अगं, असं कुणी लिहितं का?"

"मग काय लिहू? नाहीच समजलं."

त्या काढायला सांगणार होत्या, पण तेवढ्यात लोकांनी ती ओळच उचलली. एका बाईने नवऱ्याचा भांडी घासतानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कारण समजले नाही.' कुणी आपल्या लग्नाचा फोटो टाकला. कुणी बँकेबाहेरची रांग. आणि ओळीबरोबर मोजा वर, मोज्याबरोबर ओळ वर.

कारण सांगायला बसवलेली मी, मीच कारण झाले की काय? भीती वाटली. पण खरं सांगायचं तर, थोडी मजाही वाटली. 'मजा' कापून टाकणार होते. राहू दे.

११ तारीख, मंगळवार

मोजा सगळीकडे गेला. आता डाव्या पायाचे आणि उजव्या पायाचे असे दोन तट पडलेत आणि एकमेकांच्या घरच्यांचा उद्धार चाललाय. एका जाणत्या गृहस्थांनी लांबलचक लिहिलंय, की आपण जोडीने जगायला विसरलो. एका पुढाऱ्याने जाहीर केलं, की तो पहिल्यापासून मोज्यांच्या बाजूने होता. मध्येच एका म्हाताऱ्या माणसाने लोकरीचा एक मोजा ठेवला आणि लिहिलं, 'दुसरा विणायचा राहिला.' त्याच्याशी कुणी भांडलं नाही.

मला वाटतं लोकांना बोलायचं असतंच. कुठल्यातरी खुंटीला टांगायचं असतं, इतकंच. आज ती खुंटी मोजा झाली.

पण काहीतरी गडबड आहे. सगळ्यात आधीचे फोटो मी पुन्हा पाहिले. सगळ्यांत मागे पांढऱ्या फरशीची भिंत आणि खाली स्टीलचं टेबल. हवेत धूर की धुकं असं काहीतरी. नक्कीच स्टुडिओ. एखाद्या मोज्याच्या कंपनीने पैसे ओतून, ठरवून केलेली जाहिरात. मी मॅडमना सांगितलं. सांगणं भाग होतं. त्यांनी तपासनिसाला बोलावलं. बनावट लाटा शोधणं हे त्याचं काम. तो फोटो बघून म्हणाला, "फार कसलेली टोळी आहे. दोघांचं बोलणं एकसारखं नाही."

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज काम होतं का?"

"मान वर करायला वेळ नव्हता."

"मग झोप येईल चांगली," आई म्हणाली. किती दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं.

१२ तारीख, बुधवार

आज अक्षर कसंही आलं तरी चालेल.

दुपारी मॅडमच्या खोलीत बैठक. तपासनिसाने मोठ्या पडद्यावर एक छोटा व्हिडिओ लावला. म्हणाला, टोळीकडून चुकून आवाजासकट गेलेला दिसतो. पांढरी भिंत. मोठं यंत्र फिरल्याचा आवाज. एक हात स्टीलच्या टेबलावर लाल मोजा ठेवतो. आणि मागून, सगळ्या खोलीत घुमेल एवढा आवाज:

"अगं बाई, बास की आता! पोरीला एवढं काम नको, तिचे डोळे दुखतात."

दुसरा आवाज, फोनवर ओरडायची सवय असलेला: "हा एवढाच गं, लाल आहे, शोभून दिसेल!"

मी खुर्चीची कड धरली.

तपासनिसाने थांबवून सांगितलं, "'पोरगी' हा सांकेतिक शब्द असावा. 'डोळे' म्हणजे बहुतेक आपली टेहळणीची यंत्रणा. यांना कळलंय की आपण बघतोय." मॅडमनी ते लिहून घेतलं. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

पुन्हा माझी आई खोलीत घुमली. डोळे दुखतात. माझे खरंच दुखत होते.

तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात घाई उठला आणि त्याने वायरच ओढली. म्हणाला, "यात काही नाही हो, कुणाच्या तरी घरचं बोलणं दिसतंय. वेळ चाललाय." तपासनीस चिडला. घाईला नेहमीची घाई झाली असावी. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

घरी चप्पल न काढता विचारलं, "आई, मोजे तुझे?"

"माझे कुठले? पाहुण्यांचे. एकाच पायात घालून जातात की काय कोण जाणे. दुसरे आमच्याकडे राहतात. टोपली भरलीय, कुणी मागत नाही."

"मी सांगितलं होतं ना, ठरवून करायचं नसतं म्हणून!"

"ठरवलं कुठे? मी नुसतं म्हटलं, पोरीचं टेबल रिकामं आहे. तर सगळ्या म्हणाल्या, मग टाकू या काहीतरी. मशीनला कपडे लावले की आम्हाला थोडी उसंत असते, तेव्हा सगळ्या बोलल्या. प्रत्येकीने वेगळं बोलायचं, एवढंच फक्त मी सांगितलं. तूच म्हणालीस."

"मीपण एक टाकला," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "रंग लागलेला."

"बाबा!"

"वर गेला नाही पण तो."

"अहो, ही रडतेय, तुमचं काय मध्येच," आई म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "त्यात खोटं काय होतं गं? मोजे खरे. एकटे होते तेही खरं. कुणाचे ते विचारलं, तेही खरंच विचारलं."

 खोटं काहीच नव्हतं. फक्त कारण सांगितलं नव्हतं.

१३ तारीख, गुरुवार

ऑफिसला गेले. आले.

सांगितलं तर नोकरी जाईल. त्यांची खाती बंद होतील. आणि हॉटेलला कळलं, की पाहुण्यांच्या वस्तूंचे फोटो लाँड्रीतून गेले, तर आईचं आणि मावशींचं काम जाईल. नाही सांगितलं तर कुणाचंच काही जाणार नाही. तपासनीस मोज्यांच्या कंपन्या धुंडाळत बसेल. त्याने आज एका कंपनीचं नाव काढलंसुद्धा. ती माणसं बिचारी कुठेतरी बसून खरंच मोजे विणत असतील.

तिथे येऊन माझं अडतं.

१४ तारीख, शुक्रवार

पाळी दुपारची, तरी सकाळीच मॅडमच्या खोलीत गेले. म्हणाले, "मॅडम, ती पोरगी मी."

"कुठली पोरगी?"

"डोळे दुखतात ती."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. यंत्र कसं चालतं ते मीच घरी सांगितलं, फोटो जोडायला मीच शिकवलं, दुधाची उपमाही माझीच.

"आणि टोळी?"

"आई. तिच्या बरोबरच्या बायका. बाबांचा एक."

"कुणी पैसे दिले?"

"कुणी नाही."

"कामाला कुठे असतात या?"

"ते मी लिहिणार नाही. बाकी सगळं लिहून देते."

"सगळं लिहून देणं हा तुझा आजारच आहे," मॅडम म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा चढवला. "नियम तुला माहीत आहे. विषय काढायचा, खाती महिनाभर बंद. तूच काढ. आणि काढण्याआधी ती ओळ बदल. 'कारण समजले नाही' असं आता तुला म्हणता येणार नाही. समजलंय."

हे अगदी बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

टेबलाशी येऊन बसले. 'मी' लिहायचं नाही. 'कदाचित' लिहायचं नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच 'कदाचित' लागलं नाही. लिहिलं: 'एका मुलीकडे काम नव्हते. तिच्या आईने पाठवले.'

मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नियमात बसतं," आणि नाक शिंकरलं.

ओळ लावली. विषय काढणार तेवढ्यात घाई म्हणाला, "थोडं थांब ना. वाचू दे लोकांना."

त्याच्या तोंडून 'थांब' मी कधी ऐकलं नव्हतं. चहा गार होईपर्यंत थांबले. मग विषय काढला. मग एकेक करून खाती बंद केली. मावशींचं. बाबांचं. आईचं सगळ्यात शेवटी.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "काढलास ना? मग झालं की. लावायचं एक काम, काढायचं एक काम. दोन झाली." पण रात्री फोन हातात घेऊन तिने दोनदा त्यात बोलून बघितलं. काही उमटलं नाही. फोन तिने उशीखाली ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१९ तारीख, बुधवार

निकाल लागला. वरच्यांनी माझा खुलासा वाचलाच नाही म्हणे, फक्त आकडे बघितले. आमच्या भाषेचं पान इतकं कधीच चाललं नव्हतं. पान राहणार. मी मात्र त्या पानावर राहणार नाही, घरच्यांशी संबंध आला म्हणून. तक्रार विभागात बदली, पाळी सकाळची. पक्की व्हायची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

घाईने माझं टेबल पुसून ठेवलंय आणि त्यावर कुणाला बसू देत नाही. का ते कळत नाही, मी तर तळमजल्यावर गेले.

आईने विचारलं, "नव्या जागी काय काम?"

"ज्यांची खाती बंद होतात त्यांच्या तक्रारी बघायच्या."

"येतात पुष्कळ?"

"आज एकही नाही आली. काकू म्हणाल्या, कधीकधी आठवडा कोरडा जातो." काकू म्हणजे तिथल्या जुन्या बाई.

"बंद खात्यावरून तक्रार बोलून करता येते?"

"येते. तेवढंच येतं."

सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आईकडे बघितलं तर ती भाजी निवडत होती. अगदी मन लावून.

२० तारीख, गुरुवार

दुपारी माझ्या पडद्यावर पहिली तक्रार आली. खात्याचा फोटो बघितला आणि हात मागे घेतला. घरच्यांची तक्रार आपण बघायची नाही, हा इथला पहिला नियम. काकूंना म्हटलं, "ही तुम्ही घ्या. माझ्या आईची आहे."

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. त्यांना मनात वाचता येत नाही.

"'माझं खातं बंद केलं. बरोबर केलं. माझी काही तक्रार नाही. सकाळी तशीच निघालीस, जेवलीस का?'"

पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले.

"अगं, तक्रार नाही म्हणते," काकू म्हणाल्या. "मग मी करू काय? इथे दोनच रकाने आहेत, मान्य नाहीतर अमान्य."

"तुम्हीच ठरवायचं, काकू. मला बोलता येणार नाही."

"मान्य करते. बंद केलं ते बरोबर, हे तिलाही मान्य, मलाही मान्य." त्यांनी टिचकी मारली. "आता खुलासा. खुलासा दिल्याशिवाय पुढे जात नाही हे. काय घालू?"

मी घड्याळ बघितलं, डबा बघितला. तो बंदच होता.

"लिहा," मी म्हणाले, "अजून नाही. आत्ता बसते."

काकूंनी जसंच्या तसं लिहिलं, पाठवलं, आणि मी डबा उघडेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

पहिला घास घेतला तेवढ्यात पडद्यावर दुसरी तक्रार आली. इस्त्रीवाल्या मावशींची होती. प्रत्येक शब्दापुढे उद्गारचिन्ह.